फार वेळेवर येणारा एको

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे हल्ली अर्धाच घालता येतो, तेवढाच धरावा). तुमची सर्दी आणि मामींची कंबर कशी आहे ते कळवा. इकडे सगळं ठीक. आई ठणठणीत आहे आणि तुमची आठवणसुद्धा काढत नाही.

आठ महिन्यांपूर्वी जेवताना तुम्ही "ताई, तुझा आवाज आता राहिला नाही" असं म्हणालात आणि तेव्हापासून आईने तुमच्याशी बोलणं टाकलं. (तुमचे नेमके शब्द 'फारसा राहिला नाही' असे होते, माझ्या रोजनिशीत तशी नोंद आहे. पण 'फारसा' आईपर्यंत पोहोचलाच नाही.) तर गेल्या मंगळवारी तिने फर्मान काढलं, की गाणं रेकॉर्ड करून त्याला पाठवायचं, त्याचं त्यालाच कळू दे. गाणं कोणतं, तर लहानपणी तुम्ही दोघं म्हणायचात ते, हरवलेल्या शेळीचं. ती ओळ म्हणायची आणि तुम्ही मागून शेवटचा शब्द.

स्टुडिओ म्हणजे शिंप्याच्या दुकानामागची एक खोली, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. आईने पहिली ओळ म्हटली तेव्हा रेकॉर्डिस्टांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गादीकडे. (आवाज मधूनमधून चिरकतो, हे मला नाकारता येत नाही.) ते सभ्यपणे म्हणाले, थोडा एको टाकू, ओळ संपली की तिचं शेपूट मागून पुन्हा ऐकू येतं, त्याने आवाज भरल्यासारखा वाटतो. हे प्रामाणिकपणात बसतं का, याचा मी विचार करत होतो तोवर त्यांनी टाकलाही.

आणि तिथेच गाडी अडली. आई "शेळी माझी गेली कुठे" म्हणे, हेडफोनमध्ये मागून "कुठे... कुठे..." येई, आणि आई थांबे. तो 'कुठे' पार विरेपर्यंत पुढची ओळ उचलायची नाही. दोन मिनिटांच्या गाण्याला अकरा मिनिटं लागली. शेळी सापडायच्या आत रेकॉर्डिस्टांच्या चहावर साय आली. मला वाटलं, कुणाचं बोलणं तोडू नये ही तिची शिस्त (घरात या शिस्तीचा मला अनुभव नाही, पण बाहेर असेलही). शेवटी रेकॉर्डिस्टांनी आईला सुचवलं, की गाताना तुमच्या कानातला एको बंद ठेवतो, नंतर टाकता येईल.

आई म्हणाली, "मागचा गप्प बसला तर मी पुढे कशी जाऊ? त्याचा शब्द राहिला की रडून पहिल्यापासून म्हणायला लावतो."

रेकॉर्डिस्टांनी मशीनकडे जरा संशयाने पाहिलं.

पुढे तिची तक्रार अशी, की हा एको फार वेळेवर येतो, आमचा नेहमी उशिरा यायचा. त्यांनी उशीर वाढवला. मग आणखी वाढवला. तेव्हा तिने विचारलं, जरा बेसूर करता येईल का. वीस वर्षांत त्यांच्याकडे अशी मागणी आली नव्हती. लोक बेसूर येतात आणि सुरात जायचं म्हणतात. तरी बिचाऱ्यांनी मागचा 'कुठे' थोडा खाली उतरवला. आईने डोळे मिटून ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"नाही. याचं नाक चोंदलेलं नाही."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. सध्या तिचं म्हणणं असं, की मशीन बिघडलेलं आहे.

तुमचा लोभ आहेच. तो असावा असं वेगळं लिहीत नाही.

तुमचा भाचा

ता. क. रेकॉर्डिस्टांनी येत्या रविवारी सकाळी दहाची वेळ राखून ठेवली आहे, दोन माईक लावून. आईला मी एकच सांगितला आहे. तुम्ही या. सर्दी असली तर औषध घेऊ नका.

ता. क. २. वर 'आठवणसुद्धा काढत नाही' असं लिहिलं आहे, ते खोटं आहे. खोडणार होतो, पण खाडाखोड दिसली असती.

ता. क. ३. तुझ्या भाच्याने पत्र टपालात टाकायला माझ्याच हाती दिलं, म्हणून वाचलं. दोन माईकचं मला रेकॉर्डिस्टांनी कालच सांगितलंय. दहा म्हटलं की तू अकराला येणार, म्हणून मी वेळ अकराची करून घेतली आहे. तू दहाच समज. आवाज आहे. — ताई