सात नंबरच्या विहिरीतला हरवलेला एक फूट

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे त्यातला साष्टांग भाग मनातल्या मनात केला आहे, तो धरून घ्यावा.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा मोतीबिंदू पिकला का? बाल्कनीचं दार अजून वाऱ्याने आपटतं, की भाऊजींनी शेवटी कडी बसवली? सहज विचारते. फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे प्रकरण पुऱ्या वाक्यांचं आहे.

माझ्या निवृत्तीला सतरा दिवस उरलेत. एकतीस वर्षं मी तेलविहिरींतून काढलेल्या दगडांचं कोठार सांभाळते आहे, आणि ‘तू नक्की काय करतेस गं?’ असं तू दर दिवशी नाही तरी दर वर्षी विचारतेस, म्हणून पुन्हा एकदा सांगते. विहीर खणताना दगडाचा लांब गोल दांडा कापून वर काढतात. तो उभा चिरतात. एक फाळ, म्हणजे अर्धा भाग, पेटीत कायमचा ठेवायचा, दुसरा प्रयोगशाळेत द्यायचा. चाचण्या झाल्या की त्या दुसऱ्याचे उरलेले तुकडे टाकून देतात, आणि ते घरी नेले तर कुणी काही म्हणत नाही. (आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या घरांत कागद, दारं आणि कुंड्या अशाच तुकड्यांच्या भरवशावर आहेत.)

तर गेल्या सोमवारी आमच्या नव्या भूगर्भतज्ज्ञ बाई कोठारात आल्या. वय आपल्या सुनेएवढं, गळ्यात भिंग, पायात बूट. सात नंबरची विहीर सिमेंट ओतून कायमची बुजवायची असं वर ठरत आलंय, त्याआधी त्यांना तिचे दगड एकदा बघायचे होते. बावीस पेट्या आम्ही दोघींनी टेबलावर मांडल्या. चुनखडी, चुनखडी, चुनखडी. शेवटच्या पेटीत एक फुटाची जागा रिकामी, आणि तिथे दगडाऐवजी लाकडाचा ठोकळा! जुन्या नोंदीत मात्र त्याच फुटासमोर लिहिलेलं: ‘डोलोमाइट. बोटाच्या पेराएवढी भोकं. तेलाचा वास.’

ही नोंद ह्यांची. तुला आठवत असेल, जेवताना हे डोलोमाइट शिकवायचे आणि तू भात वाढायची थांबायचीस. चुनखडीत मॅग्नेशियमचं पाणी मुरतं, जुन्या कॅल्शियमला बाहेर काढून तिथे बिऱ्हाड करतं, आणि या सगळ्या हलवाहलवीत मधे मधे मोकळ्या जागा राहतात. तेल तिथे येऊन बसतं. आम्लाचा थेंब टाकला की चुनखडी लगेच फसफसते, डोलोमाइट गप्प राहतो. त्याला ओरखडा काढून भुकटी केली, तरच तो जरासा बोलतो. ‘तुमच्या ताई चुनखडी आणि तुम्ही डोलोमाइट,’ असं हे म्हणायचे. (लग्नानंतर पहिली दोन वर्षं हे मला अहो-जाहो करत. मला ते फार आवडायचं.)

बाई म्हणाल्या, “मावशी, दगडच नाही, तर या नोंदीला कोण विचारतो? लिहिणाऱ्याला वाटलं असेल काहीतरी.” लिहिणारा कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही सांगितलं नाही. पण ताई, याच नोंदीवरून ऑफिसने ह्यांना निवृत्त होईपर्यंत ‘भोकवाले साहेब’ म्हटलं. हे हसायचे, घरी येऊन हात-पाय धुवायचे आणि विषय बदलायचे. आता हे जाऊन चार वर्षं झाली. त्या विहिरीवर सिमेंट पडलं की त्यांचं लिहिणं खोटं ठरलं ते ठरलंच.

म्हणून मी बाईंना म्हटलं, शोधू या. तीन दिवस आम्ही पेट्या उपसल्या. मी शिडीवर चढले, शिंकले, एका जुन्या कपाटात माझाच हरवलेला चष्मा सापडला (नंबर आता लागत नाही). काल प्रयोगशाळेची वही मिळाली. त्यात लिहिलंय की तिकडे दिलेला फाळ चाचणीत पूर्ण दळला गेला, काहीही उरलं नाही. बाई खट्टू झाल्या. मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. आताच्या साहेबांनी दगड दाखवायला सोमवारपर्यंत मुदत दिली आहे.

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार, नातीला पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, कबुली पहिल्याच वाक्यात द्यावी. मला ते तेव्हाही जमलं नाही. चाचणीत काहीच उरलं नव्हतं, तर ‘उरलेला तुकडा’ म्हणून मी तुझ्या बाल्कनीच्या दाराला टेकण म्हणून आणून दिला तो कोणता? तो मी पेटीतूनच उचलला होता, तिथला ठोकळा माझ्याच हातचा आहे. पत्र घेऊन आलेला ड्रायव्हर खाली थांबलाय, त्याच्याकडे दगड दे. (चहा नको म्हणेल, पण दे.)

दुसरा ता. क. सतरंजीवरचा जो डाग तू सव्वीस वर्षं भाऊजींच्या डोक्याच्या तेलावर घालते आहेस, तो त्यांचा नव्हे. दगड उन्हात तापून पाझरला असणार. भाऊजींची माफी तू माग, मग मी मागेन. सतरंजीही पाठव, पुरावा आहे. धुऊ नकोस.

तिसरा ता. क. तुझ्याकडे पहिल्यांदा जेवायला आलो होतो तेव्हा हे त्या दाराशी वाकले होते, आठवतं? दगड उचलला, नाकाशी नेला, उलटा करून बघितला. त्याच्या पाठीवर ह्यांच्याच अक्षरात आकडा आहे. मग माझ्याकडे बघितलं. मी पापड तळल्यासारखी भराभरा काहीतरी बोलत होते, मला काही कळलं नाही. तेव्हा माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. दगड जिथल्या तिथे ठेवून हे तुला म्हणाले, “छान आहे, ताई. जपून ठेवा.”