चौथा टेक

बाबा,

तीर्थरूप लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं बाबा.

मालिकेत तुम्ही सगळ्यांचे लाडके वडील आहात. आम्हाला सोडून गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता त्याच मालिकेचा आवाज मी सांभाळते. आपलं नातं युनिटमध्ये कुणाला सांगायचं नाही, हे आपण न बोलताच ठरवलं.

काल सेटवरच्या पंख्याच्या घरघरीत तुमचं एक वाक्य वाया गेलं, म्हणून तुम्हाला डबिंगला बोलावलं. काचेपलीकडून तुम्ही म्हणालात, "काय मॅडम, म्हाताऱ्याला अजून किती राबवणार?"

वाक्य मालिकेतल्या मुलीसाठी होतं: "माझं चुकलं, बाळा."

पहिलाच टेक स्वच्छ होता. तरी मी म्हटलं, "पुन्हा एकदा." मग आणखी एकदा. तुम्ही कुरकुर केली नाहीत. चौथ्यांदा मात्र पडद्याकडे न बघता तुम्ही माझ्याकडे बघून बोललात. आवाज बसला होता आणि शब्द ओठांशी जुळत नव्हते.

मालिकेत मी पहिला टेक लावला. चौथा काही कामाचा नाही, पुसून टाकायला हवा. आज दिवसभर ते एवढं काम माझ्याच्यानं झालेलं नाही.

तुमची मुलगी