शेवटच्या फर्म्यातला ड्यूक

तीर्थस्वरूप वहिनी,

साष्टांग नमस्कार. (गुडघा आखडल्यामुळे साष्टांगातलं एखादं अंग कमी पडलं असेल, ते चालवून घ्या.) दादाचा खोकला कसा आहे? त्याला म्हणावं, औषध खिडकीतल्या कुंडीत ओतत जाऊ नकोस, झाड वाळलं की चोरी उघडी पडते. तुमचा खांदा आता वर जातो का? मुलं फोन करतात का, की पैसे लागले की मगच आठवण? इकडे माझं उत्तम चाललंय. म्हणजे चाललं होतं, तुमच्या ट्रंका उघडल्या जाईपर्यंत.

तर वहिनी, आधी भांडून घेतो, मग बाकीचं. घर बदलताना तुम्ही दोन ट्रंका भरून प्रेमकथा इथल्या वाचनालयाला देऊन टाकल्यात, हे तुमचं औदार्य. पण जाता जाता ग्रंथपालबाईंच्या कानात सांगून गेलात, की ‘आमचे भाऊजी बाइंडर आहेत, पुस्तकं खिळखिळी झाली की त्यांच्याकडे टाका, माणूस तिरसट आहे पण हात चांगला आहे.’ (हे मला त्यांनीच सांगितलं. शब्द न् शब्द.) तेव्हापासून दर गुरुवारी ती पुस्तकं माझ्या उरावर. आजवर मी कायद्याची पुस्तकं बांधली, डॉक्टरांची जाडजूड पुस्तकं बांधली, एका वकिलाच्या पणजोबांचं आत्मचरित्र बांधलं, जे वकिलानं स्वतःसुद्धा उघडलं नव्हतं. पण असला कचरा या हातांनी कधी शिवला नव्हता.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही पुस्तकं मी वाचत नाही. मी तपासतो. पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक ठेवून शिवलेल्या. त्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे उसवून, साफ करून पुन्हा लावताना क्रम बघावा लागतो, आणि क्रम बघताना डोळे मिटून बसता येत नाही. तेवढ्यात जे दिसलं ते दिसलं. एका प्रस्तावनेत दिसलं, की हा सगळा दोनशे वर्षांपूर्वीचा इंग्रजांचा काळ, राजा वेडा झाला म्हणून त्याच्या वतीनं मुलगा कारभार बघायचा. हे मला पहिल्या दिवशी कळलं असतं तर बाकीच्या पात्रांकडून मी अपेक्षाच ठेवली नसती.

काय ते लोक, वहिनी! त्या देशात तेव्हा सुतार, न्हावी, गवंडी कोणी जन्मालाच आलं नसावं. जिकडे बघावं तिकडे ड्यूक. एवढ्याशा गावात दगड भिरकावला तर तीन ड्यूकना लागेल. प्रत्येकाचा कोट इतका तंग, की अंगात चढवायला नोकर लागतो. (आणि शिंपी कधी बदलत नाहीत.) प्रत्येक जण एक भुवई वर करतो, दोन्ही वर करणारा मला अजून भेटला नाही. कामधंदा काही नाही, तरी दमलेले असतात. बरं, नायिका म्हणाल तर हिला चालता येत नाही. बागेत गेली, घोटा मुरगळला. टेकडीवर गेली, घोटा मुरगळला. तिथल्या चपला शिवणाऱ्यांवर एकदा तरी खटला भरायला हवा होता. मग घोडागाडीचं चाक मोडणार ते भर पावसातच, आणि खानावळीत खोली शिल्लक असणार ती एकच. बाई खोलीत आली की हे ड्यूक लगबगीनं उठून उभे राहतात आणि खुर्ची पुढे सरकवतात, जणू खुर्ची यांनीच बनवलीय. माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एकच स्टूल आहे आणि त्यावर कायम पुस्तकांचा ढीग असतो. ग्रंथपालबाई दर गुरुवारी यायच्या आणि उभ्याउभ्याच बोलायच्या. कोणत्या वाचकानं कुठल्या पानावर चहा सांडला, कोण पुस्तक उशीखाली ठेवून विसरलं, सगळं उभ्यानंच. त्यांचं काही बिघडलं नाही.

आणखी एक सांगतो, हे फक्त बाइंडरलाच कळतं. पुस्तक वाचकांना कुठे आवडलं ते त्याची शिवण सांगते. स्वयंपाकाच्या पुस्तकाची शिवण गोड पदार्थांपाशी सुटते. तुमच्या ट्रंकेतल्या पुस्तकांची सुटते ती बागेतल्या चांदण्यापाशी, ठरलेलं. टेबलावर नुसतं ठेवलं तरी तिथेच आ वासून उघडतात. एकच पुस्तक निराळं निघालं. त्याची शिवण शेवटच्या फर्म्यापाशी पार झिजून गेली होती. मी म्हटलं, असेल कोणीतरी शेवट आधी वाचणारा उतावीळ माणूस.

ते पुस्तक म्हणजे ड्यूक आणि शिक्षिका यांचं. त्याच्याच शेजारी टेबलावर दुसरं उसवलं होतं, ते जहाजाचा कॅप्टन आणि पाद्र्याची मुलगी यांचं. प्रकाशक एक, आकार एक, टाइप एक, आणि दोन्हींचा शेवटचा फर्मा एकाच आकड्याच्या पानावर सुरू होतो. त्यात चिकटवायची खळ जरा पातळ झाली होती, मी वैतागलेलो होतो, आणि खरं सांगायचं तर दोन्हींबद्दल माझ्या मनात सारखीच तुच्छता होती. झालं! ड्यूकच्या पुस्तकाला कॅप्टनचा शेवट शिवला गेला आणि कॅप्टनच्या पुस्तकाला ड्यूकचा. वर पुठ्ठा चढवला, छान दाबून वाळवलं आणि गुरुवारी देऊनही टाकलं.

बरेच दिवस कोणी चकार शब्द काढला नाही! पुस्तकं बाहेर जात होती, परत येत होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका मला रस्त्यात भेटल्या आणि आपणहून म्हणाल्या, की त्या माजोरड्या ड्यूकला सोडून शिक्षिकेनं नाव बदललं आणि कॅप्टनबरोबर समुद्रावर निघून गेली, हा शेवट त्यांना फार आवडला, आणि त्या आता भाचीलाही वाचायला देणार आहेत. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मला धक्का बसायला हवा होता. मला आनंद झाला, वहिनी. मी म्हटलं, बघा! मी म्हणत होतो ना? मुंडकं एकाचं, धड दुसऱ्याचं, तरी ओळखू येत नाही, असा हा माल.

मग एका सोमवारी ग्रंथपालबाई आल्या. सोमवारी. हातात दोन्ही पुस्तकं. तुमच्या ट्रंका आल्यापासून ते ड्यूकचं पुस्तक त्या दर दोन-तीन महिन्यांनी स्वतःसाठी घरी नेतात म्हणे. शेवटच्या फर्म्यापाशी शिवण झिजवणारा उतावीळ माणूस कोण, ते मला तिथल्या तिथे कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, “हे काय केलंत?” आता एवढंच म्हणायचं होतं की चूक झाली, उद्या दुरुस्त करून देतो. अर्ध्या तासाचं काम. पण माझी जीभ! तुम्ही ओळखताच तिला. मी म्हणालो, “बाई, ड्यूकच्या जागी कॅप्टन आला म्हणून कोणाचं काय अडलं? सगळी एकाच साच्यातली. इतके दिवस कोणाला कळलंसुद्धा नाही.”

त्या म्हणाल्या, “मला कळलं.”

आणि ज्याला सगळंच सारखं दिसतं त्याच्याकडे पुस्तकं कशाला ठेवू, असं म्हणून त्यांनी दुकानातली वाचनालयाची सगळी पुस्तकं गोळा केली, उसवलेली, अर्धी शिवलेली, ओल्या खळीचीसुद्धा. स्टुलावरचा ढीगही नेला. जाताना कॅप्टनचं पुस्तक घट्ट काखेत धरलं, कारण खरा शेवट त्यात होता. ड्यूकचं मात्र माझ्या टेबलावर टाकून गेल्या. आता नवीन बाइंडर शोधताहेत असं ऐकतो. त्या कोपऱ्यावरच्या तारेच्या पिना मारणाऱ्याकडे देतील! पुस्तकाला पिना, वहिनी!

असो. माझं काय जातं? कामाचा तोटा नाही. वकिलाला आता पणजीचंही चरित्र बांधायचंय. गुरुवारी दुकान जरा ओकंबोकं वाटतं, एवढंच. दारात पाऊल वाजलं की मान वर होते, ती जुन्या सवयीनं. खोटं कशाला बोलू, करमत नाही मला. पण ते हवेमुळेही असेल.

दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, कुंडीतल्या झाडाला सहानुभूती.

तुमचा तिरसट पण चांगल्या हाताचा दीर

ता. क. एक बारीकसं काम होतं. ते टाकून दिलेलं ड्यूकचं पुस्तक मी मध्यंतरी तपासलं. (दोनदा. क्रमासाठी.) त्यात त्या गाढवानं काय केलंय, तर भर मेजवानीत सगळ्यांसमोर म्हणून गेलाय, की शिक्षिका काय, सगळ्या सारख्याच. मूर्ख माणूस. ती तडक निघून जाते. मग याला तिकडे वाड्यात चैन पडत नाही, आणि हा पावसात भिजत तिच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ती दार उघडते. तो तोंड उघडतो आणि म्हणतो— आणि पान उलटलं की जहाज निघालंय, शिडं फडफडताहेत, कॅप्टन दुर्बीण लावून बसलाय! तो काय म्हणाला, हे त्या दुसऱ्या फर्म्यात आहे, आणि तो फर्मा बाईंच्या घरी. तुम्हाला ते पुस्तक पाठ असणार. तर तो नेमकं काय म्हणाला ते उलट टपाली कळवा. शब्द न् शब्द. लांबलचक भाषण असलं तरी चालेल, मी पाठ करीन. म्हणजे, तपासून घेईन. दादाला यातलं काही सांगू नका, तो हसतो आणि मग त्याला खोकला येतो.

ता. क. २. कळवू नका. पाकीट चिकटवायला घेतलं तेवढ्यात त्या आल्या. पिनवाल्यानं पहिल्याच पुस्तकाच्या मजकुरातून पिन आरपार नेली म्हणे. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. मला ना भुवई वर करता आली, ना भाषण सुचलं. कसंबसं म्हणालो, “चुकलं माझं.” त्या आत आल्या. मग कॅप्टनचं पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाल्या, “शेवटी तोही एवढंच म्हणतो.”

एवढंच! वहिनी, साडेतीनशे पानं! घोडे, चाकं, घोटे, चार मेजवान्या, दोन पावसाळी खानावळी, आणि शेवटी दोन शब्द! कागदाची केवढी ही नासाडी. माझं मत बदललेलं नाही, हे ध्यानात असू द्या.

ता. क. ३. स्टूल आता मी रिकामं ठेवतो. गुरुवारी सकाळी पुसूनही घेतो. धूळ फार झालीय इकडे. उगाच भलते अर्थ काढत बसू नका.