ओल लागलेला जवळा

आये, तू जेवण का टाकलं होतंस ते मला आता कुठे कळायला लागलंय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी नातसुद्धा नोकरीला लागली. प्रयोगशाळेत आतड्यातले जंतू बघते. सुट्टीला आली आणि माझ्यापुढे एक डबी ठेवली. "आजी, उद्या सकाळी यात थोडं दे." म्हटलं, "अगो, एवढी शिकलीस ती लोकांची घाण चिवडायला?" तर हसते. "सुकी मासळी खाऊन म्हातारी झालेली दुसरी कोण मिळणार मला?"

दिली बाई. मग भांडी घासता घासता ती सांगायला लागली, की भूक नुसती पोटात नसते, डोक्यात असते. बुरशी धरलेलं खाल्लं की तिचं विष आतड्यात उतरतं, तिथले जंतू बिघडतात आणि आतडं मेंदूला कळवतं, पुरे, आता काही पाठवू नको. मग खायची इच्छाच मरते. उंदरांवर बघितलंय म्हणे त्यांनी. "उंदीर काय नाटकं करतो होय, आजी?" असं सहज बोलून गेली. मी घासलेलाच टोप पुन्हा घासायला घेतला.

तू गेलीस त्या पावसाळ्यात मी मुरुडच्या बाजारात सुकं विकायला बसायची. कडक जवळा टोपलीत जायचा आणि ओल लागलेला घरात राहायचा, सगळ्यांच्याच घरी तसं. पांढरी बुरशी फडक्याने पुसायची, ऊन पडलं की पसरायचं, कालवणात मिरची जास्त घालायची. नात म्हणते, पुसून बुरशी जाते, विष जात नाही. पोरांना अंडं, नवऱ्याला खाडीतलं ताजं. जवळ्याला राहिलीस तूच. अजून डोळ्यांपुढे आहे, तू भिंतीला टेकून बसली आहेस, ताटली पुढे सरकवतेस. "नको गो, जात न्हाय." आणि मी शेजारणीच्या देखत ओरडतेय, "म्हातारीला पापलेट पायजे! जावयाच्या घरात बसून चोचले!" तू मान खाली घालून दोन घास गिळलेस. पुन्हा कधी नको म्हणाली नाहीस, ताटली घेऊन मागे कोंबड्यांकडे जायचीस. मला वाटलं, जिरली. अंगावर लुगडं राहीना, तरी मी हट्टच म्हणत होते.

नातीला विचारलं, त्यानेच गेली का गं माझी आई? "आता कसं सांगणार, आजी? दुसराही आजार असेल." शिकलेली माणसं असंच बोलतात. मला तेवढ्यावर सुटता येत नाही, कारण तिला मी सगळं सांगितलं नाही. हा कागदही तिच्या हाती पडायच्या आत फाडणार आहे.

त्या जवळ्याचा वास मला येत होता, आये. म्हणून मी बाजारातच चहापाव खाऊन यायची आणि घरी आल्यावर म्हणायची, मला भूक नाही. माझ्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला. तूसुद्धा.