बामगोलच्या टेकडीसाठी

२७ ऑक्टोबर

लाडक्या मालसुकला,

ताईचे खूप आशीर्वाद. पार्लर कसं चाललंय? बुसानभरच्या बायकांचे केस कापता कापता स्वतः जेवायला विसरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. यंदा किमची घालायला मात्र येऊ नकोस. मी टेकडीच्या धावपळीत अडकलेय, कोबी आणून मुरवत ठेवायला सवड नाही. आणि फोन का उचलत नाही म्हणून रागावू नकोस, म्हणून तर लिहायला बसले.

टेकडीवर इमारती उठणार हे तुला माहीत आहेच. तोडायच्या झाडांना लाल फिती बांधून झाल्या. काल सकाळी नेहमीसारखी अनवाणी चालायला गेले, तर पायवाटेच्या तोंडाशीच पोकलेन उभं. शेजारी काळ्या जॅकेटातला एक दांडगट माणूस. म्हणतो कसा, "आजी, उद्यापासून चपला घालून या हं. इथे खिळे पडतील आता." इतक्या गोड आवाजात म्हणाला की मला धडकीच भरली. घरी कशी आले ते माझं मला ठाऊक.

त्यात भर म्हणून लिफ्टमध्ये आठव्या मजल्यावरची बाई भेटली. "तुम्हाला काय हो, चार दिवस फिरायचं आणि जायचं! आमच्या घरांचे भाव वाढतायत ते वाढू द्या की." एरवी तिला चांगलं फैलावर घेतलं असतं. पण 'जायचं' ऐकलं आणि मी मधल्याच मजल्यावर उतरले.

संध्याकाळी टेकडी वाचवायच्या आमच्या समितीची सभा झाली. शनिवारी नगरपालिकेसमोर तिघांनी निषेध म्हणून मुंडण करून घ्यायचं ठरलं. आमचे अध्यक्ष ग्वाकसाहेब छाती पुढे काढून उठले, "पहिला मी!" शेजारच्या पे वहिनी म्हणाल्या, "बसा खाली! तुमच्या डोक्यावर आहे काय कापायला?" सगळे पोट धरून हसले, मीही हसले. आणि हसता हसता माझा हात वर गेला.

टाळ्या काय, मिठ्या काय! पे वहिनींच्या तर डोळ्यांत पाणी. "एवढ्या आजारातून उठली, केस आत्ता कुठे वाढलेत, आणि बघा हिची हिंमत!" नंतर भोपळ्याची गरम लापशी घेऊन घरी आल्या. मी ती तशीच झाकून ठेवली.

कसली हिंमत, मालसुक? ते पुन्हा आलंय. गेल्या आठवड्यात मोठ्या इस्पितळातून कळलं. सोमवारी औषध सुरू होईल आणि केस तसेही गळतील. मी देतेय ते जाणारच होतं, आणि लोक मला वाघीण म्हणतायत. अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तू किमचीला आलीस की माझा चेहरा बघूनच ओळखशील, म्हणून येऊ नकोस म्हटलं.

मला फार भीती वाटते गं. मागच्या वेळी औषधानं गुण आला असं डॉक्टर म्हणतात, आला असेल. पण मला दारापर्यंत चालवत नव्हतं, तेव्हा त्या तांबड्या मातीत, पाइनची झाडं धरून धरून मी पुन्हा पाय टाकायला शिकले. औषध परत मिळेल. टेकडी गेली तर मी कुठे चालू? रोज उठले की आधी खिडकीतून बघते, झाडं आहेत ना.

आणखी एक. मुंडणाचं मशीन कोण फिरवणार, असं सभेत विचारलं, तर मी तुझं नाव सांगून बसले. मागच्या खेपेला न्हाणीघराचं दार लावून तूच फिरवलं होतंस, आणि नळ सोडून आपण दोघी रडलो होतो. या खेपेला सगळ्यांसमोर रडायची सोय आहे. लोकांना वाटेल, टेकडीसाठी रडतेय. तेही काही खोटं नाही.

वर लिहिलेलं खोडत नाही, पण ऐकू नकोस. ये. शुक्रवारीच ये, म्हणजे शनिवारी सकाळी दोघी मिळून त्या पोकलेनसमोरून अनवाणी वर जाऊ. एकटीनं जायचा मला धीर होत नाही.

अजून केसांसकट,
तुझी भित्री ताई
सुनबोक