दाजीजवळ कोण होतं

बसरा, चैत्र, सन १९१७

तीर्थस्वरूप कोकिळाअक्काले धाकट्या निवृत्तीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी बरा हाये, जेवण पोटभर भेटते.

तू विचारलं, शेवटी दाजीजवळ कोणी होतं काय. मी होतो असं लिवणार होतो, पण तुह्याशी खोटं बोलवत नाही.

जखमींच्या डोलीची पुढची दांडी दाजीची, मागची माही. एका जखमी शिखाले उचलताना दाजीच्या पोटात गोळी लागली. मी त्यायच्याकडं धावलो, तर म्हणाले, "मी काही वाचत नाही. त्याले आधी ने, अन् येताना पाणी आण."

मी "आलोच" म्हटलं अन् शिखाले पाठीवर घेऊन निघालो. पाणी घेऊन परतलो तवा दाजी गेले होते. ओठ कोरडेच होते, अक्का.

तो शीख वाचला. त्याच्यापायी मले मेडल भेटलं. साहेब छातीवर लावत होता तवा माह्यानं मान वर करवली नाही.

तुह्या पोरीचा, नर्मदीचा ताप उतरला काय? पेरणीले कोण येते?

सुटी भेटली तर घराच्या आधी धामणगावले तुह्या दारी यावं वाटते. येऊ काय, तेवढं मास्तरकडून लिवून धाड.

तुहा भाऊ,
निवृत्ती