गॉजच्या घड्या आणि भावाचा पाय

मॅडम,

तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली असतील आणि मी आता लिहायला बसलेय. गोंदियाच्या नर्सिंगच्या वर्गात तुम्ही आम्हाला दुपारी गॉजच्या घड्या घालायला बसवायच्या आणि त्याच वेळी आजारांची इंग्रजी नावं म्हणवून घ्यायच्या. शब्दाच्या एका तुकड्याला एक घडी. ज्या तुकड्यावर जोर, तिथे अंगठ्याने दाबायचं. एकदा मी लांबलचक शब्द एका दमात म्हणून मोकळी झाले, तर तुम्ही माझा अख्खा गठ्ठा उलगडून पुढ्यात टाकलात. "शब्द गिळून राहिली तू. शब्दाचं शेपूट पाह्य आंधी. बिमारी कोनती, ते शेपटातच रायते." सगळ्या पोरी हसल्या. मला इतका राग आला होता की पुढे कित्येक वर्षं तुमचं नाव निघालं की मी विषय बदलायचे.

परवा वहिनीचा फोन आला म्हणून दवनीवाड्याला गेले. भाऊ ओसरीत सुजलेला गुडघा पसरून बसलेला, शेजारी एक्स-रेचा रिपोर्ट. गल्लीतल्या एका काकांचा पाय मांडीपासून कापावा लागला होता आणि त्यांच्या आजाराचं नाव 'ऑस्टिओ'ने सुरू व्हायचं, हे गावात सगळ्यांना पाठ. भावाच्या कागदावरही तीच अक्षरं. वहिनीने पुढचं वाचलंच नाही. भावाने तर शेत ठेक्याने द्यायची बोलणीही करून टाकलेली.

"पाय कापतीन आता. चिखलात कोन उतरीन मंग?"

मलाही काही सुचेना, म्हणून त्याच्याच दुपट्ट्याच्या घड्या घालत शब्द म्हणू लागले. ऑस्टि, ओ, आर्, थ्राय, टिस. 'थ्राय'वर अंगठा आपोआप दाबला गेला. ऑस्टिओ म्हणजे नुसतं हाड, मग सांधा आणि शेपटाला सूज. काकांच्या शब्दाच्या शेवटी 'ओमा' होतं, म्हणजे गाठ; ती इथे नव्हतीच.

"सांधा झिजून सुजला तुहा, भाऊ. पाय कोनी कापत नाही."

वहिनी रडता रडता हसायला लागली. भाऊ म्हणाला, "मंग कायले एवढा लंबा शब्द लिहून राहिले?" मला फार हलकं वाटलं, मॅडम. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी आपणहून तुमचं नाव काढलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. त्या दोघांना ठासून सांगितलं खरं, पण दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने गोंदिया गाठलं आणि डॉक्टरांना विचारून आले. ते हो म्हणाले, तेव्हा कुठे मला रडू आलं.